रेशीमवाल्याच्या बायकोचं नाव

दुपारची पंगत उठली की माझी कंबर मोडायची. निजामाच्या गाडीचं स्टेशन, त्याच्या जवळ माझी खानावळ, आन् कापसाच्या जिनिंगमधली सगळी माणसं जेवायला माझ्याकडं. भाकरीचं पीठ परातीत तसंच पडलेलं असायचं, हात धुवायचाबी कंटाळा यायचा. तेवढ्यात ओसरीवरून हाक यायची, "बाई, लिखो."

हाक मारणारा चिनी रेशीमवाला. पाठीवर गठ्ठा घेऊन गावोगाव रेशीम विकत जालन्याला आल्ता, आन् हातांना कंप सुटला तसा माझ्याच ओसरीवर राहिला. त्याच्या मुलखात चैत्रात मेलेल्यांची नावं कागदावर लिहून जाळतात. आपण पितरांना पान वाढतो, तसंच काहीतरी. त्याची बायको मागं तिकडंच वारल्ती. नाव पोचलं न्हाई तर ती उपाशी राहते म्हणे. आता त्याच्या बोटांत कुंचली ठरत न्हवती. मंग मी लिहायचं, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

"बाबा, मला नुसती बाराखडी येती, तीबी नवऱ्यानं शिकवलेली," मी म्हणले. त्यानं परातीतल्या पिठाकडं बोट दाखवलं.

आधी झाडाचं अक्षर बोटानं पिठात काढायचं. मी उभी रेघ काढली, दोन फांद्या काढल्या, आन् आपण अक्षर झाल्यावर वरून रेघ ओढतो तशी आडवी शेवटी ओढली. "गलत." आडवी आधी, मंग उभी, मंग डावी फांदी, मंग उजवी.

"दिसायला सारखंच की. आन् कागद तर जळूनच जायचा. कोणती रेघ आधी ओढली ते कोण बघून राह्यलंय?"

"वो देखेगी," तो म्हणाला.

कपाळ माझं. पीठ पुन्हा सारखं केलं.

तिच्या नावात दोन झाडं शेजारीशेजारी होती. डाव्यानं आपली फांदी आखडून घ्यायची, न्हाईतर उजव्याला जागा उरत न्हाई. पुढच्या अक्षरात डावीकडं बाई, अंग चोरून उभी. "तुमच्याकडंबी बाईनंच सरकायचं का?" मी विचारलं, तर गडी हसला.

फार जीवावर यायचं. पण चैत्रात मी लिहिलं, त्यानं जाळलं, आन् भिंतीला टेकून पोटभर रडला.

"आता तुमचं शिकवा," मी म्हणले. "तुमच्यामागं कोण लिहिणार?"

त्यानं कानाला हात लावला. जित्या माणसाचं नाव त्या कागदावर लिहीत न्हाईत, म्हणाला. मलाबी वाद घालायचं त्राण न्हवतं.

दिवाळीच्या आधी तो वारला. गावाला तो रेशीमवाला, मलाबी तेवढाच ठाऊक.

चैत्र आला. पंगत उठवून मी कागद घेऊन बसले. अंग नुसतं ठणकत होतं, आन् त्याचं नाव कुठून आणू ते सुचंना. शेवटी तिचंच लिहिलं. कागद पेटवला आन् तिला सांगितलं, "बाई गं, पान तुझ्या नावाचं हाय. तो तिथंच कुठंतरी असंल, त्याला शेजारी बसवून घे. त्याचं नाव मला येत न्हाई."