नऊ नंबरची घरं

अभ्यासातली वस्ती गेली अठरा वर्षं दरसाल एक पूर्णांक सहा टक्क्यांनी पुढे जात होती. ही बातमी वस्तीपर्यंत पोहोचली नव्हती, तीन परिषदांपर्यंत मात्र पोहोचली होती. कापड रंगवण्याच्या कारखान्याशेजारची दोनशे चाळीस घरं सरांनी निवडली होती. दर तीन वर्षांनी त्याच घरांत जाऊन तेच प्रश्न विचारायचे: मिळकत, खर्च, पाणी, शाळा, आजारपण. टिकाऊ विकास म्हणजे नेमकं काय, असं कुणी पाहुण्याने विचारलं की संस्थेतले लोक भिंतीवरच्या आलेखाकडे बोट दाखवत. सरासरी मिळकतीचा तो आलेख चढता होता आणि त्याला सागवानी चौकट होती.

धाकटीचा पीएचडीचा प्रबंध याच आलेखावर उभा होता, आणि सरच तिचे मार्गदर्शक होते. तिला धाकटी म्हणत, कारण विभागात आली तेव्हा ती सगळ्यांत लहान होती. नंतर तिच्याहून लहान चौदा जण आले आणि डॉक्टर होऊन गेले. नाव तेवढं तिच्याकडेच राहिलं. आता ती छत्तीसची होती. दोन मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या. येत्या शुक्रवारी पाचपर्यंत प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, आणि सात वर्षं पाण्यात. तिची आई नातेवाइकांना "झालंच आता" हे इतकी वर्षं सांगत होती की त्यांनी विचारणंच सोडलं होतं.

सोमवारी ती शेवटचं कोष्टक तपासत होती. पहिल्या फेरीत घरं दोनशे चाळीस, शेवटच्या फेरीत एकशे सत्याहत्तर. यात लपवलेलं काही नव्हतं. पाहणीत घर बंद आढळलं की फॉर्मवर नऊ लिहायचा, आणि नऊ दिसला की संगणक ते घर गाळायचा. एवढी गळती जगभर होते, असं सरांच्या पहिल्या लेखात म्हटलं होतं. पुढच्या सगळ्या लेखांनी पहिल्या लेखाचा हवाला दिला होता.

चहा यायला वीस मिनिटं होती, म्हणून तिने सहज गळालेल्या त्रेसष्ट घरांची पहिल्या फेरीतली मिळकत काढून पाहिली. त्रेसष्टपैकी एकोणसाठ घरं यादीच्या अगदी तळातली निघाली.

चहा आला आणि निवून गेला. सगळ्यांत गरीब घरं निघून गेली की उरलेल्यांची सरासरी आपोआप वाढते. त्यासाठी कुणी श्रीमंत व्हावं लागत नाही. गेलेली घरं होती तेवढ्याच मिळकतीवर आहेत असं धरून तिने गणित पुन्हा मांडलं. एक पूर्णांक सहाचे शून्य पूर्णांक तीन झाले.

ती तळमजल्यावर मोजणीकाकांकडे गेली. साठीला टेकलेले मोजणीकाका फॉर्मच्या कपाटाशेजारी बसत. वस्तीच्या सातही फेऱ्या त्यांनीच पायी केल्या होत्या.

"काका, ही नऊ नंबरची घरं बंद होती म्हणजे कशी? कुलूप होतं?"

"कुलूप कशाला? कित्येकांना दारच नव्हतं."

"मग माणसं कुठे गेली?"

"कुठल्या घराची, ते सांगा."

"एकशे बारा."

काकांनी खणातून एक फुगलेली वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. "एकशे बारा. बोअरला लाल पाणी यायला लागलं तेव्हा गेले. विकतचं पाणी परवडेना. नवरा वारला. बाई आता बहिणीकडे असते, दगडखाणीवर. एकशे तेरा त्यांच्याच मागोमाग."

"हे तुम्ही लिहून ठेवलंत?"

"जाताना निरोप ठेवून जायचे ना शेजारी. मोजणीवाले आले तर सांगा, आम्ही अमुक ठिकाणी आहोत. आता एवढा निरोप ठेवल्यावर लिहायला नको?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"फॉर्मवर चौकट एका आकड्याची आहे, ताई. तुम्हीच लोकांनी आखलेली. तिच्यात नऊ मावला, तो लिहिला."

सर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांनी नवं गणित दोनदा पाहिलं, खिडकीबाहेर एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तळटीप टाक."

विभागाची ही जुनी रीत होती. जे मजकुरात बसवता येत नाही आणि नाकारताही येत नाही, ते तळटिपेत जाई. तिथे गेलेलं पुन्हा कुणाच्या वाटेला जात नसे.

धाकटीने वही मागून आणली आणि लिहायला बसली. दोन ओळींत उरकणार होती. पण एकशे बारा लिहिल्यावर एकशे तेरा गाळणं तिला बरं दिसेना. बुधवारी संध्याकाळी चौदाव्या क्रमांकाची तळटीप अकरा पानांची झाली होती. प्रत्येक पानावर वर दोन ओळी मजकूर उरला होता. वस्तीची प्रगती समाधानकारक असल्याचं त्या ओळी सांगत होत्या.

गुरुवारी सरांनी ती वाचली. पहिल्याच पानावर त्यांनी चष्मा काढला.

"सात नंबर," ते म्हणाले. "पहिल्या फेरीला काकांबरोबर मीही गेलो होतो गं. बसायला काही नव्हतं. त्या बाईने डबा पालथा घातला माझ्यासाठी. भरलेला होता. पाणी ओतून दिलं आधी." त्यांनी चष्मा शर्टाला पुसला. "कुठे आहेत आता?"

"ठाऊक नाही. निरोप न ठेवता गेलेलं तेवढं एकच घर."

"मी परत गेलोच नाही."

"का, सर?"

"आलेख आला ना मग."

त्यांनी पेन काढलं आणि प्रबंधाच्या प्रमाणपत्रावर सही केली. "घे. तळटीप आहे तशी राहू दे. परीक्षक तळटिपा वाचत नाहीत; मीसुद्धा आज पहिल्यांदाच वाचली. आधी डॉक्टर हो, मग काय लिहायचं ते लिही."

"मग लिहीन ना, सर?"

"सगळे लिहीनच म्हणतात."

"तुम्ही?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. ते नीट बसलंय का, हे पाहायला त्यांना बराच वेळ लागला.

शुक्रवारी चार वाजता आईचा फोन आला. "दिलास का गं?"

"रांगेत आहे."

"म्हणजे झालंच आता."

"आई, मी प्रबंध देत नाहीये. पहिल्यापासून करावा लागणार."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरीही झाली. मग आई म्हणाली, "चुकलंय का काही?"

"हो. त्रेसष्ट घरं राहिलीत."

"मग पुरी कर बाई. लोकांना काय सांगायचं ते मी बघते. मला सवय झालीय."

खिडकीपलीकडच्या कारकुनाने तिचा अर्ज उलटसुलट पाहिला. "नोंदणी रद्द, आणि लगेच नवी? सही झालेला प्रबंध हातात असताना? मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"तब्येत हे कारण चाललं असतं. आजारपण, बाळंतपण, परदेशगमन, एवढीच कारणं चालतात."

"मग रिकामं सोडा."

"मार्गदर्शक?"

"शोधायचाय."

"तोही रिकामा." त्याने जुन्या नोंदणीवर लाल रेघ मारली. रेघ वाकडी गेली म्हणून पट्टी घेऊन दुसरी मारली. सात वर्षांना सव्वा मिनिट लागलं. पावती घेऊनही ती खिडकीशीच उभी राहिली. कारकुनाने ते पाहिलं आणि पेल्यातलं पाणी पुढे सरकवलं.

बाहेर बाकावर मोजणीकाका वही मांडीवर घेऊन बसले होते. पावती पाहून त्यांनी वही मिटली. बाजूला सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.

"उद्या निघू," ती म्हणाली. "जवळच्यांपासून सुरुवात करू. एका दिवसात आठ-दहा घरं होतील."

काकांनी मान हलवली. "जवळचे थांबतील, ताई. आधी वय झालेल्यांकडे जाऊ."