जेनीलला न आलेलं उत्तर

मित्रांनो, मी एक जुना पोडियम आहे. सभेत बोलणारी माणसं ज्याच्या आडोशाला उभी राहून आपले लटपटणारे पाय लपवतात, तो मी. सध्या माझा मुक्काम अमेरिकेतल्या बॉयझी शहरातल्या एका घराच्या मागच्या पडवीत आहे आणि माझ्या डोक्यावर टोमॅटोच्या रोपांचे तीन डबे ठेवलेले आहेत. हसू नका. एके काळी याच डोक्यावर धर्मग्रंथ असत आणि समोर तीनशे माणसं बसत.

माझा जन्म आयडाहो राज्यातल्या विलो फोर्क या गावचा. गावाच्या चारही बाजूंना बटाट्याची शेतं आणि गावात झाडून सगळे मॉर्मन, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका पंथाचे. प्रार्थनागृह गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं. ज्याला विटा रचता येत होत्या त्याने विटा रचल्या, ज्याला काहीच येत नव्हतं त्याने सूचना दिल्या. मला घडवलं डेल्विन रास्मुसेनने. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पिकवायचा बटाटे, पण हात सुताराचा. त्याच्या पाटाच्या कडेला अक्रोडाचं एक झाड वादळात पडलं होतं, त्याच्या फळ्यांतून त्याने मला उभं केलं. रंधा मारताना तो प्रार्थनेची गाणी गुणगुणायचा. सूर बेताचाच होता, पण मी अजून त्या आवाजावर जीव टाकतो.

पुढे त्याने माझ्या पोटात एक मोटर बसवली. धान्य वर ओढायच्या यंत्रातली होती ती. बिशपच्या खुर्चीपाशी दोन बटणं होती. एक दाबलं की मी वर जायचो, दुसरं दाबलं की खाली. उंच शेतकरी असो की बुटकी आजीबाई, प्रत्येकाच्या छातीपाशी मी हजर. आमचा बिशप म्हणजे पगारी धर्मगुरू नव्हे. तो आठवडाभर गाई पिळायचा आणि रविवारी कोट घालून मंडळींचा सांभाळ करायचा.

महिन्याचा पहिला रविवार हा माझा मानाचा दिवस. त्या दिवशी सगळ्यांचा उपास. भाषण ठरलेलं नसे. ज्याला वाटेल त्याने उठावं, माझ्यामागे येऊन उभं राहावं आणि आपली साक्ष द्यावी. साक्ष म्हणजे काय? आमच्याकडे कुणी ‘मी मानतो’ असं म्हणत नाही. म्हणतात, ‘मला माहीत आहे. देव आहे हे मला माहीत आहे. हा पंथ खरा आहे हे मला माहीत आहे.’ कुणी रडायचे, म्हणून मागच्या कप्प्यात रुमालांचा खोका असे. कुणी साक्षीच्या नावाखाली नातवाच्या दाढदुखीपासून सुरुवात करायचे आणि खाली उपाशी पोटं गुरगुरू लागायची. लहान मुलं तर चिकट हातांनी मला बरबटून टाकायची. मी कुरकुरायचो खरा, पण मला ते सगळं फार आवडायचं.

जेनील ही डेल्विनची धाकटी मुलगी. ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती. स्टुलावर उभी राहिली, डेल्विन तिच्या कानात एकेक शब्द सांगायचा आणि ती मोठ्याने म्हणायची. शेवटी तो कुजबुजला, “झालं, आता खाली उतर.” तिने माइकमध्ये ठणकावून सांगितलं, “झालं, आता खाली उतर!” अख्खी मंडळी खदखदून हसली.

डेल्विनची स्वतःची साक्ष मला तोंडपाठ होती. सतरा वर्षांचा असताना तो बटाट्यांच्या तळघरात एकटाच बटाटे निवडत होता. तिथेच गुडघे टेकून त्याने देवाला विचारलं, हे सगळं खरं आहे का? आणि त्याच्या छातीत ऊब दाटून आली. आमच्या ग्रंथात वचनच आहे, की मनापासून विचारणाऱ्याला उत्तर मिळतं. डेल्विनला मिळालं. हे सांगताना दर वेळी त्याचा आवाज भरून यायचा आणि तो तसूभरही खोटं बोलत नसे. माझ्या कडांवर टेकलेले त्याचे हात दर वेळी उबदार असायचे ना.

चौदाव्या वर्षी जेनीलने ठरवलं की आता आपणही विचारायचं. शहाणी पोर! ती थेट बाबांच्या त्याच तळघरात गेली. उपास करून गेली. तासभर गुडघे टेकले. वर आली तेव्हा तिच्या अंगाला बटाट्यांचा वास तेवढा येत होता.

तुम्ही विचाराल, हे तुला कसं ठाऊक? मित्रांनो, आमच्याकडे प्रार्थनागृहाची साफसफाई शनिवारी घराघरांनी वाटून घेतात. रास्मुसेनांची पाळी आली की पुसायला मी जेनीलच्या वाट्याला यायचो. ती समोरून फडकं मारायची, मग मागच्या बाजूला येऊन खाली बसायची. बाकांवरून ती कुणाला दिसत नसे. बाहेर तिचा भाऊ व्हॅक्यूम फिरवत असायचा, त्या घरघरीत ती हळू आवाजात सगळं सांगायची. मला नव्हे, देवाला. पण मी मध्ये होतो.

“तू आहेस एवढंच सांग,” ती म्हणायची. “मोठं काही नको. बाबांना दिलंस त्यातलं थोडंसं दे.”

आणि मग ती थांबायची. तिच्याबरोबर मीही थांबायचो. आता येईल, आता येईल, असं मलाही वाटायचं. मग व्हॅक्यूम बंद व्हायचा आणि ती फडकं उचलायची.

एकविसाव्या वर्षी जेनील दीड वर्षासाठी धर्मप्रचाराला फिनलंडला गेली. तिथे दारोदार जाऊन ती लोकांना हेच सांगायची: तुम्ही विचारा, तुम्हाला उत्तर मिळेल. रित्वा नावाची बेकरीत काम करणारी एक विधवा होती. तिने जेनीलच्या शेजारी गुडघे टेकले, विचारलं, आणि ओक्साबोक्शी रडू लागली. तिला मिळालं होतं. जेनील शेजारीच होती हो. वीतभर अंतरावर.

परत आल्यावर माझ्यामागे उभी राहून तिने रित्वाची ही गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाली, “मला माहीत आहे.” मंडळींनी डोळे पुसले. रुमालांचा खोका रिकामा झाला. माझ्या कडांवर टेकलेले तिचे हात मात्र थंडगार होते.

त्यानंतर साधारण दोन वर्षांनी एका रविवारी मी बघितलं, की प्रभुभोजनाच्या पावाच्या तुकड्यांचं ताट बाकावरून फिरत जेनीलपाशी आलं आणि तिने काही न घेता पुढे बाबांच्या हातात दिलं. आमच्याकडे मनात काही सलत असलेला माणूसच हा पवित्र पाव घेत नाही, त्यामुळे ही गोष्ट लपत नाही. डेल्विनने आपला तुकडा उचलला, पण तोंडात घालायला त्याला जरा वेळ लागला.

पुढच्या शनिवारी दोघंच सफाईला आले. डेल्विन बाकांमध्ये पडलेले बिस्किटांचे चुरे गोळा करत होता. त्याने मान वर न करताच विचारलं, “काही चुकलंय का गं तुझ्या हातून?”

“बिशपनीही हेच विचारलं,” जेनील म्हणाली. “खूप शोधलं बाबा. शेवटी लहानपणी टीगकाकूंची सफरचंदं चोरली होती, ते जाऊन कबूल करून आले. त्या म्हणाल्या, अगं, ती आम्ही डुकरांनाच घालणार होतो.”

डेल्विनला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. “येईल उत्तर. तुला फार घाई.”

“अकरा वर्षं झाली. याला घाई म्हणतात?”

“अगं, साक्ष देता देताच ती पक्की होते. पुष्कळांची तशीच झाली. त्या पोडियममागे उभी राहा आणि बोल.”

“बोलले ना. फिनलंडहून आल्यावर बोलले. सगळे रडले, मी एकटीच कोरडी.”

डेल्विन ताठ उभा राहिला. चुरे हातातून पडले. “म्हणजे मी इतकी वर्षं खोटं बोलतोय असं म्हणायचंय का तुला?”

“नाही हो बाबा!” ती कळवळून म्हणाली. “तुम्हाला खरंच मिळालं. तेच तर मला हवंय. मला दुसरं काही नकोच आहे.”

तो वाकून पुन्हा चुरे वेचू लागला. बघा, मित्रांनो. एकाच घरातली दोन माणसं. एकाला मागताक्षणी मिळालं, दुसरीने तेच जन्मभर मागितलं. आणि आता ती खरं बोलली तर बाप तुटतो, नाही बोलली तर ती स्वतः.

महिन्याचा पहिला रविवार आला. जेनील उठली आणि माझ्याकडे चालत आली. डेल्विनचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, पोरीने आपलं ऐकलं.

“मी अकरा वर्षं विचारलं,” ती म्हणाली. “मला उत्तर आलं नाही. मला माहीत नाही. आणि आता मला वाटतं, माझा विश्वासही उरलेला नाही.”

बिशप टीग हा देवमाणूस, पण तो पार गोंधळला. माइक बंद करावा असं त्याच्या मनात आलं असेल, आणि घाईत त्याने भलतंच बटण दाबलं. मी घरघरत खाली जाऊ लागलो! मला थांबता येईना. जेनील माझ्यामागे वाकत गेली, माइक तिच्या तोंडापासून दूर दूर गेला. मागच्या बाकावरची दोन पोरं फिदीफिदी हसली. माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

तेव्हा डेल्विन उठला. तो सावकाश पायऱ्या चढून वर आला. बिशपला वाटलं, हा मुलीला खाली न्यायला आला. डेल्विनने हात लांब करून दुसरं बटण दाबलं आणि मी पुन्हा तिच्या छातीपर्यंत वर येईपर्यंत दाबून धरलं.

“बोल,” तो म्हणाला. “पुरं कर.” त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“मला तुमच्या सगळ्यांचा हेवा वाटतो,” जेनील म्हणाली. “तुमच्यासारखं म्हणता आलं असतं तर मी आज आनंदाने म्हटलं असतं. पण खोटं बोलून मला तुमच्यात बसता येणार नाही.”

ती खाली उतरली. अर्ध्या लोकांनी सवयीने ‘आमेन’ म्हटलं आणि मग ते एकमेकांकडे बघू लागले.

जेनील बॉयझीला गेली आणि शाळेत भूगोल शिकवू लागली. तुम्हाला वाटेल, बापाने बटण दाबलं म्हणजे सगळं सुरळीत झालं. तसं काही झालं नाही. डेल्विन दर रविवारी तिला फोन करायचा आणि तब्येतीच्या आधी विचारायचा, “परत विचारलंस का?” पत्रांतून धर्मसभेतल्या भाषणांची कात्रणं पाठवायचा. ती नाताळला घरी आली की जेवणाच्या टेबलावर सगळे तिच्यासाठी इतक्या प्रेमाने प्रार्थना करायचे, की तिला घास गिळवत नसे. सफाईच्या शनिवारी एकटाच माझ्यापाशी आला की डेल्विन हे सगळं पुटपुटायचा आणि मला तेल लावत बसायचा.

पुढे प्रार्थनागृहाला नवं फर्निचर आलं. चाळीस वर्षांची चाकरी संपली आणि माझी रवानगी त्याच इमारतीतल्या बास्केटबॉलच्या मैदानाशेजारच्या अडगळीत झाली. तिथे माझ्या सोबतीला हवा गेलेले चेंडू आणि नाताळच्या देखाव्यातली पुठ्ठ्याची मेंढरं. त्या अंधारात मला विचार करायला वेळच वेळ होता. मित्रांनो, आज तुम्हाला खरं सांगतो. चाळीस वर्षं मी देवाच्या घरात उभा होतो, पण मी फक्त माणसांचे आवाज ऐकले. म्हणजे तो बोलतच नाही असं माझं म्हणणं नाही. मी पडलो लाकूड, माझे कान ते केवढे! पण व्हॅक्यूमच्या घरघरीत त्या पोरीशेजारी मी श्वास रोखून थांबायचो, ती ओढ माझी गेलेली नाही. काही ऐकू आलं असतं ना, तर मी कसंही करून तिला सांगितलं असतं.

डेल्विनने मला अडगळीत बघितलं आणि बिशपला विचारून गाडीत घातलं. जेनीलच्या दारात मला उतरवून तो एवढंच म्हणाला, “जाळण्यापेक्षा तुझ्याकडे बरा.” तेव्हापासून मी पडवीत आहे. फोनवरचं “परत विचारलंस का?” मात्र चालूच राहिलं.

गेल्या वर्षी, बटाटे काढून झाल्यावर, डेल्विन तिच्याकडे राहायला आला. काठी टेकत, एक्याऐंशी वर्षांचा. दुपारची वेळ होती. जेनीलने पीचची गोड पेस्ट्री केली होती, ती खाऊन दोघं माझ्याशेजारी उभे होते.

“अजून विचारतेस का गं?” त्याने विचारलं. पण या खेपेला त्याचा आवाज निराळा होता.

“विश्वास नाही उरला बाबा,” ती म्हणाली. “पण रोपांना पाणी घालताना कधी कधी तोंडातून निघून जातं. कुणाला विचारते तेही ठाऊक नाही.”

“मग?”

“मग काही नाही. शांत असतं सगळं.”

आता डेल्विन काय सांगणार ते मला तोंडपाठ होतं. तळघर, छातीतली ऊब, ग्रंथातलं वचन. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, “मी बसू का जरा वेळ इथे? तुझ्याबरोबर?”

“बसा ना.”

तिने दोन खुर्च्या ओढल्या. दोघं ऊन कलेपर्यंत तिथे बसले. मधेच तिने बाबांच्या हातावर हात ठेवला, तो दोघं उठेपर्यंत तसाच होता.

मित्रांनो, जुन्या लाकडाला वर्षातून एकदा तेल लावा, ते टिकतं. आणि कुणी तुम्हाला सांगितलं, ‘मी खूप हाका मारल्या, मला काही ऐकू आलं नाही’, तर त्याला लगेच आपलं ऐकवू नका. खुर्ची ओढा आणि त्याच्याजवळ बसा. डेल्विनला हे जमायला तीस वर्षं लागली, आणि त्यानंतर त्याच्याकडे एकच हिवाळा उरला होता.