शिळेच्या अहवालाचं दुसरं पान

मलकापूरच्या अलीकडच्या मांडवाबाहेर त्या रविवारी मी चपलांचे जोड मोजले. चारशे सव्वीस. त्यातले एक्कावन्न लहान पोरांचे. पोरांना कुणी मत विचारत नाही, उचलून आणतात.

मांडवात काळी शिळा होती. तिच्यावर काचेच्या चौकटीत प्रयोगशाळेचा अहवाल लावलेला, त्याला हळदकुंकू आणि हार.

"वाचा की पावणं!" शिळेचे उदयसिंह महाराज गरजले. "शिळेवरनं वघळल्यालं पाणी पुण्याला मशिनीत घातलं. निघालं काय? माणसाचं प्रथिन! दगडाला कातडी फुटलीया! आता इज्ञानानंच सही केलीया. हाय कुणाची छाती न्हाय म्हणायची?"

माणसं काचेला बोट लावून कपाळाला लावत होती.

शिळेच्या पायथ्याशी दहा वर्षांची राजनंदिनी तिच्या आजीच्या, तानाबाईच्या, मांडीवर पडली होती. पोरीला तीन वर्षांपासून मधुमेह, रोज इन्सुलिनच्या सुया. महाराजांच्या सांगण्यावरून शुक्रवारी दुपारपासून सुया बंद आणि शिळेचं तीर्थ सुरू. आता तिचे डोळे अर्धे मिटले होते, श्वास खोल आणि भराभर चालला होता. तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता.

"देवाचा सुगंध सुटलाय!" महाराज म्हणाले. बायका रांगेनं वाकून पोरीच्या तोंडाचा वास घेऊ लागल्या, पाया पडू लागल्या. मी तेवीस मोजल्या.

चोविसावी वाकली, तिनं वास घेतला आणि पाया पडायचं विसरली.

"आज्जी, पोरीला साखर हाय न्हवं? शेवटची सुई कवा दिलीसा?"

"शुक्कीरवारी सकाळी."

"गाडी बघा कुणीतरी. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पायजे."

तानाबाईनं पोरीला पोटाशी आवळलं. "तू कोण गं? माणसावर इस्वास नसंल तर नसू दे, मशीन कशाला खोटं बोलंल? कागदावर लिवलंय की!"

"मी अनुजा, मूळची गडहिंग्लजची. पुण्याचं ते मशीन मीच चालवते. त्या कागदावर सही माझी हाय. त्याची पूजा चाललीया असा व्हिडिओ बघून आले."

महाराज डगमगले नाहीत. "बघा! सही करणारीच दर्शनाला आली!"

"महाराज, कागदाच्या खाली 'पान एक, एकूण दोन' असं हाय. दुसरं कुठाय?"

"ते... कोरं हुतं."

अनुजानं फोन काढून दुसरं पान मोठ्यानं वाचलं. "मेंढीचं प्रथिन. डुकराचं प्रथिन."

मागून एक म्हातारा खाकरला. "म्हंजी दगडाला शेपूट बी फुटणार व्हय, महाराज?"

अनुजा सेवेकऱ्याकडं वळली. "शिळा कशानं पुसता, दादा?"

"घोंगड्याच्या टोकानं," कृष्णात म्हणाला. "रीतच हाय आमची. मग हातानं चोळायची."

"आणि पुण्याला धाडलेली पाण्याची नळी?"

"त्याच हातानं भरली की."

"घोंगड्यातनं आली मेंढी, हातातनं आला माणूस. आपली कातडी, केस, नखं केराटिन नावाच्या प्रथिनाची असतात. बोटातनं, धुळीतनं ते कुठंबी पडतं. म्हणून आम्ही दरवेळी नुसत्या शुद्ध पाण्याची एक नळी तपासतो. तिचाही निकाल याच पानावर हाय. तिच्यातबी माणूस निघालाय! तिथं कुठली शिळा हुती? डुकराचा पाचक रस तर आम्हीच घालतो, मशीनला वाचता यावं म्हणून प्रथिनाचे तुकडे करायला. आणि खाली लिहिलंय, माणूस, मेंढी, डुक्कर ही तिन्ही बाहेरून मिसळलेली, निकालात धरू नयेत."

मग ती हळू बोलली. "आज्जी, सुई बंद झाली की रक्तात आम्ल साठतं. हा वास त्याचा हाय, देवाचा न्हवं."

तानाबाईनं खाली वाकून नातीच्या तोंडाचा वास घेतला. बराच वेळ घेतला.

"श्रद्धा कमी पडली तर..." महाराजांनी सुरुवात केली.

"गप बस!" तानाबाई किंचाळली. "कृष्णात, उचल रं पोरीला! बघतोयस काय?"

कृष्णातनं घोंगडं तिथंच टाकलं आणि पोर उचलली.

कोल्हापूरच्या दवाखान्यात राजनंदिनी दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. आणखी चार तास उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या रविवारी मी मांडवाबाहेर पुन्हा चपला मोजल्या. एकशे नव्वद जोड, त्यात लहान सतरा. चौकटीत नवा अहवाल होता, त्यालाही हार, आणि पुन्हा एकच पान.

महाराजांचा पहिला कागद खोटा नव्हता, अर्धा होता. यंत्र त्याच्या पोटात गेलेलं सांगतं. ते कुठून गेलं, कुणाच्या हातानं गेलं, हे माणसानंच विचारायचं असतं. कुणी अहवालाला हार घातलेला दिसला, तर आधी हार बाजूला करा आणि खालचा पानाचा आकडा वाचा. आणि तुमचं वाचून होईपर्यंत पोराची सुई थांबवू नका.