इतिवृत्तात लिहिलंय, मी वाजले

मी एक जुनी पितळी घंटा आहे, आणि मित्रांनो, माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते.

उल्हासनगरच्या एका छोट्या कारखान्यात मी ओतली गेले. कारागीर जेठानंद मला हलवून म्हणाले, "आवाज खडा है, साईं." त्या एका कौतुकावर मी कितीतरी वर्षं फुगून होते. पुढे अंबरनाथच्या एका कंपनीत मी जेवणाची सुट्टी सांगायचे. चार शेडपलीकडे ऐकू जायचे. कंपनी बंद पडली, तेव्हा कँटीनच्या भगवानकाकांनी मला बदलापूरच्या एका शाळेला देऊन टाकलं.

तिथे माझा मान वाढला. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांची संसद भरते. सभासद साठ. लुटुपुटूची नाही हं, तिथे पास झालेला नियम मुख्याध्यापिका माधवीबाई खरोखर शाळेला लावतात. म्हणून दिल्लीच्या लोकसभेचा नियम तिथेही आहे. एक दशांश सभासद हजर नसतील, तर काम चालवायचं नाही. म्हणजे साठांत सहा तरी हवेत. कमी पडले, तर मला वाजवून बाहेरच्यांना बोलवायचं. तरीही आले नाहीत, तर बैठक थांबवायची.

नववीतला सुयोग अध्यक्ष होता. बारवी धरणाकडच्या वाड्यांवरची मुलं सकाळी एसटी नसल्यानं दीड तास चालत येत. त्यांना उशीर होई आणि सुयोगच्या वर्गाची वक्तशीरपणाची ढाल हुकत असे. त्यानं मित्राकडून विधेयक आणवलं, सातनंतर फाटक बंद. मांडलं मात्र वाड्यांवरची मुलं एकची एसटी पकडायला फाटकाशी गेल्यावर. बाकीचे कधीच घरी पळाले होते. उरले पाच.

"सुयोग, पाचच आहोत रे. बेल मार ना," इतिवृत्त लिहिणारी निशा म्हणाली.

"मारतो ना यार, टेन्शन नको घेऊ." त्यानं फळा पुसायचं फडकं माझ्या पोटात कोंबलं आणि मला हलवलं. नुसतं थप थप झालं. "झालं. सहा जण लिही."

निशानं मान खाली घालून लिहिलं, 'घंटा वाजवली. सहा सभासद हजर.' फाटक तिथून पन्नास पावलांवर होतं. एसटी यायची होती. मी नीट वाजले असते, तर सगळी धावत आली असती.

सोमवारी वाडीवरची, आठवीतली चंद्री दहा मिनिटं उशिरा पोचली. फाटक बंद होतं.

"बाई, मी पन मेंबर हाय. आमाला इचारलंच नाय," ती गजांमधून म्हणाली.

माधवीबाईंनी इतिवृत्ताची वही उघडली. "पास झालंय, बाळा. घंटासुद्धा वाजवली होती."

चंद्रीनं व्हरांड्यात टांगलेल्या माझ्याकडे पाहिलं. "मंग आमाला ऐकू कशी नाय आली?"

त्या नजरेसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकरा दिवस ती फाटकापर्यंत आली आणि परत गेली. बाराव्या दिवशी आली नाही. तेव्हा कुठे निशानं रडत रडत बाईंना सगळं सांगितलं. त्या शनिवारी मला जीव तोडून वाजवलं. एकोणसाठ जण जमले आणि नियम रद्द झाला. साठावी जागा रिकामीच राहिली. चंद्री आता आईबरोबर वीटभट्टीवर जाते, असं वाडीवरची मुलं सांगतात.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत ठेवलं नाही, तरी चालेल. पण हातात घ्याल, तेव्हा आधी आत बोट घालून बघा. फडकं असेल तर काढा आणि जोरात वाजवा. फाटकाशी कोणीतरी उभं असेल.