हजराबीची शिळा

मी एक जुनी शिळा आहे, मित्रांनो. कड्याजवळच्या एका गावात, वेशीलगतच्या धर्मशाळेच्या भिंतीत मी बसवलेली आहे.

निजामाच्या अमदानीत गावात प्लेग आला. घरं सोडून सगळे रानात झोपड्या बांधून राहू लागले. ज्यांना गाठ आली होती त्यांना मात्र धर्मशाळेत टाकून गेले. गावची सुईण हजराबी तेवढी त्यांच्याजवळ राहिली. तिनं त्यांना पेज भरवली, त्यांचं अंग पुसलं. काही वाचले. शेवटी हजराबीलाच गाठ आली आणि ती गेली. तिच्यामागं घरचं कुणी नव्हतं.

वाचलेल्यांत वत्सलाबाई होती. बरीच वर्षं ती गावाच्या मागं लागली, तेव्हा कुठं गावानं मला खाणीतून आणलं. दिलावर पाथरवटानं माझ्यावर मराठी अक्षरं कोरली. मला भिंतीत बसवून माझ्यावर पांढरं कापड टाकलं. दुसऱ्या दिवशी ते काढायला गाव जमणार होतं.

पण सकाळीच पोलिसांचा अमीन घोड्यावरून आला. बरोबर जलालुद्दीन नावाचा शिपाई होता. त्या काळी परवानगीवाचून माणसं जमवायला बंदी होती.

"जलसा मना है! चार आदमी जमा हुए तो सबको अंदर करूंगा," अमीन गरजला आणि माझ्यासमोरच बाज टाकून बसला.

गाव चिडीचूप झालं. दारं लागली. मला वाटलं, आता माझी अक्षरं कुणी वाचणार नाही. दिलावर ओसरीवर बसून हात चोळत होता.

तेवढ्यात वत्सलाबाई आली. अमीनाच्या बाजेजवळून सरळ चालत आली आणि तिनं कापडाला हात घातला. जलालुद्दीननं काठी उगारली.

"सुना नहीं? जलसा मना है!"

"जलसा कुठं हाय, साहेब?" ती म्हणाली. "मी एकलीच हाय."

काठी तशीच वर राहिली. वत्सलाबाईनं कापड उचललं, अक्षरांवरून हात फिरवला, कापड खाली सोडलं आणि ती घरी गेली. तिचं दार लागलं, तेव्हा पलीकडचं दार उघडलं. शेजारचा तात्याबा आला. एकटाच. तो गेल्यावर समोरच्या घरातली सलिमा आली. मग दिलावर. असं दिवसभर चाललं. दोन माणसं म्हणून एका वेळी रस्त्यावर दिसली नाहीत. प्रत्येक वेळी अमीनाचा हात चाबकाकडं जाई आणि माझ्या दगडी अंगावर काटा येई.

ऊन उतरलं. अमीनानं विचारलं, "क्या लिखा है इसपर?"

जलालुद्दीननं कापड उचलून अडखळत वाचलं, "प्लेगाच्या साली सारा गाव रानात गेला. हजराबी सुईण इथे राहिली."

अमीन बाजेवरून उठला.

"हुक्म तो हुक्म है. परदा रहेगा," शेवटी तो म्हणाला. घोड्यावर बसताना हळूच पुटपुटला, "मगर अकेले आदमी को कैसे रोकूं?"

कापड कुणीच काढलं नाही. रोज कुणीतरी उचलायचं. हातांनीच ते झिजलं आणि एके दिवशी गळून पडलं.

मित्रांनो, आता मला वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. तरी माझ्यावर जाहिराती चिकटतात, रंगकाम करताना अक्षरांत चुना भरतो. तुमच्याही गावात माझ्यासारखी एखादी शिळा असेल. तिच्यावरची धूळ पुसा आणि तिथलं नाव मोठ्यानं वाचा. ज्यांच्यामागं रडायला घरचं कुणी उरलं नाही, त्यांना तेवढीच हाक मिळते.