अंगठ्याचं उत्तर

हृदयाच्या शस्त्रक्रियांना भूल देण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि गार केलेल्या शरीराचे स्वभाव तिला घरच्या माणसांसारखे ठाऊक होते. रक्त यंत्रातून फिरवून शरीर थंड केलं, की स्नायू ढिले करणारं औषध लवकर विरत नाही. त्याचा अंमल अंगात रेंगाळत राहतो. म्हणून ती ते हात राखून द्यायची, आणि मनगटावर विजेचा बारीकसा झटका देऊन अंगठा हलतो का ते पाहत राहायची. अंगठा निपचित असला की तिला हायसं वाटायचं.

त्या सकाळी टेबलावर एक म्हातारा शिंपी होता. भूल चढण्याआधी त्यानं तिला हसत बजावलं होतं, "काळजाचं बघा काय ते, पण अंगठा तेवढा सांभाळा. पोट त्याच्यावर आहे."

शरीर गार झालं, हृदय थांबवलं गेलं, आणि शिंप्याचा अंगठा हलला. मग प्रत्येक झटक्याला हलत राहिला, धडधाकट माणसाचा हलावा तसा. तिनं तारा तपासल्या, तापमान पाहिलं, नवी कुपी फोडून आणखी औषध दिलं. काही फरक पडेना. पेशंट जागा होतोय की काय, असं सर्जननं मान वर न करता विचारलं. ती नाही म्हणाली आणि पुन्हा औषध भरायला सिरिंज उचलू लागली, तर ती तिच्या बोटांना पेलेना. थंडीनं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. खोली गारच होती.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी शिंपी उशीला टेकून बसला होता. एवढ्या औषधानंतर तो इतक्या लवकर सावरायला नको होता, पण सगळे खूश होते. काही त्रास, काही आठवतंय का, असं तिनं नेहमीसारखं विचारलं. त्यानं मानेनंच नाही म्हटलं, आणि मग फार मायेनं तिच्याकडे पाहिलं.

"मला थंडी वाजलीच नाही, डॉक्टरबाई. तुम्हाला फार वाजली का?"

त्यानंतर तिच्या पापण्या जड होऊ लागल्या. वाक्याच्या शेवटी जीभ अडखळायची, हातातली किल्ली पडायची. तिनं ओळखीच्या डॉक्टरांकडून सगळ्या तपासण्या करून घेतल्या. काहीही निघालं नाही. रजा घे, झोप काढ, असं नवरा समजुतीनं सांगत राहिला.

रविवारी दुपारी जेवणानंतर ती कोचावर आडवी झाली. पापण्या मिटल्या, त्या परत उघडेनात. मग जीभ गेली, मग बोटं. त्या औषधाचा हा क्रम तिला पाठ होता. श्वासाचा पडदा सगळ्यात शेवटी जातो, हेही. ऐकू मात्र सगळं येत होतं. मुलीची चाहूल लागली, तिनं हात हातात घेतल्याचंही कळलं.

"बाबा, आईचा हात केवढा गार पडलाय."

"दमलीये गं ती," नवरा हलक्या आवाजात म्हणाला. "झोपू दे."

त्यानं पांघरूण तिच्या गळ्यापर्यंत ओढलं, कडेनं नीट खोचलं. दोघं पावलांचा आवाज न करता बाहेर गेली, आणि आईची झोप मोडू नये म्हणून मुलीनं दार अगदी अलगद लावून घेतलं.