पान, कान, मान

जाळीच्या भोकांत हिरवा रंग होता. भिंत रंगवताना पेंटरनं इंटरकॉम न काढता त्याच्यावरूनच ब्रश फिरवलेला, आणि माइकची बारीक भोकं एकेक करून बुजलेली – अर्पितानं नखानं टोकरून पाहिलं, निघेना. दुकानात दुरुस्तीला आलेल्या जोडीतला हा आतला सेट, नर्सच्या टेबलाजवळचा. दुसरा बाहेरचा, बाकड्याच्या वरचा. त्याच्या खाचेत पांढुरकं काहीतरी बसलेलं. तिनं बोट लावलं. भस्म. म्हणजे तेच हॉस्पिटल, तोच डबा... अकरा महिन्यांपूर्वी तिची नुकती जन्मलेली लेक शिवरंजनी तिथल्या काचेच्या पेटीत असताना सासूबाईंनी, गौराबाईंनी, याच्यावर भस्माची तीन बोटं ओढली होती. इथूनच बोलावणं येतं ना, मग यालाच सांगायचं.

तिनं घरी फोन लावला.

"झोपलीय माय," गौराबाई म्हणाल्या.

"श्वास...?"

"घ्यायलीय. तुझ्या फोननंच उठंल आता ती. घंट्यात तीनदा करायलीस."

तिनं आतल्या सेटसमोर टोन लावला आणि बाहेरच्या सेटच्या तारेवर मीटर. तीनशे हर्ट्झ, पाचशे, हजार – काटा उभा, जागच्या जागी. दीड हजाराला कलला, आणि त्यापुढे पडतच गेला, जणू तिथून पुढे जगात आवाजच नव्हते. आकडे लिहिताना तिला कॉलेजची लॅब आठवली : स्वर खाली, व्यंजनांची धार वर. म्हणजे या डब्यातून नाव यायचं ते धार गेलेलं, नुसता इ आणि आ –

तेव्हा बाकड्यावर दोघीच होत्या, ती आणि पालम गावची बबिता; दोघींची बाळं आत पेटीत. भिंतीच्या ओल्या रंगाचा वास होता. डबा खरखरला, "...इता, आत या." दोघी उठल्या.

"कुनाला म्हन्ली ओ?" बबितानं विचारलं.

"तुम्हाला. बबिताच म्हणाल्या."

"पाजायला बोलावलं आसंल," म्हणत ती पदर सावरत, हसत आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातातलं गाठोडं हलत नव्हतं.

नर्सला बबिताच हवी होती. चूक काही झाली नव्हती. मी स्पष्ट ऐकलं होतं, ब ऐकला होता... अकरा महिने, लेकीच्या नाकाशी बोट धरताना, मी स्वतःला हेच सांगत आले. आणि भिंत तेव्हाही हिरवीच होती, भोकं बुजलेलीच. मग मी काय ऐकलं? ऐकलंच नसेल काही, तर ते नाव आलं कुठून – इतक्या पटकन, इतकं तयार?

"अर्पिता, शब्द बोल," बाहेरचा सेट घेऊन पलीकडच्या खोलीत बसलेले योगीराज सर ओरडले. मीटरचं काय खरं नाही, सेट उघडायच्या आधी कानाला विचारायचं, ही त्यांची पद्धत. नेहमीचेच शब्द : ही बोलणार, ते ऐकतील तसं लिहिणार.

तिनं बटण दाबलं. "पान. कान. मान." आणि मग, घशात आधीच येऊन बसलेलं, "बबिता."



"अर्पिता?" सर हसले. "सोताचंच नाव? हजेरी घ्यायलीस का?"

ती सुई घेऊन एकेक भोक कोरत बसली. हिरव्या रंगाचे कण कागदावर पडत राहिले. मी बसून राहिले असते तरी बबितालाच बोलावलं असतं, आणि मी आत गेले असते तर नर्सनं दारातूनच परत पाठवलं असतं. दहा पावलं, एवढंच. ती दहा पावलं मला चालायची नव्हती. म्हणून ती बबिताला दिली, आणि तिनं ती हसत घेतली.

पुन्हा टोन. दोन हजार, तीन हजार – काटा उभा राहिला.

"बोल," सर म्हणाले.

"पान. कान. मान." ती थांबली. सर वाट पाहत असावेत. "बबिता."

"बबिता," लगेच पलीकडून आलं. "आता कसं खणखणीत. कोण गं ही बबिता?"

बटणावरचं बोट काढायला हवं होतं. समोर काटा हलत होता – ती काहीच बोलत नव्हती, तरी तो किंचित वर जाई, खाली येई, पुन्हा वर. तिला कळायला वेळ लागला की तो तिचाच श्वास आहे, आणि तो पलीकडे ऐकू जातोय.